तारळेकर पेंटरचे उसने डोळे

थंडीच्या दिवसांत कोल्हापुरातले पडदे रंगवणारे पेंटर उन्हं वर आल्याशिवाय कामाला हात घालत नसत. आळस म्हणून नव्हे. सरस सुटत नसे म्हणून. रंगाची भुकटी कापडाला धरून राहावी यासाठी तीत उकळलेला सरस घालावा लागतो, आणि मार्गशीर्षाच्या गारठ्यात तो वाडग्यातल्या वाडग्यात थिजून बसतो. बाकीचे पेंटर मग चहाच्या गाड्यावर बसून बुडालेल्या नाटक कंपन्यांच्या आठवणी काढत. नृसिंह तारळेकर मात्र बायकोला घेऊन कळंब्याच्या तळ्यावर फिरायला जाई.

मंगळवार पेठेत याची भरपूर चेष्टा होई. पन्नाशी उलटलेला माणूस, कोपरावर रफू केलेला स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट आणि बायकोनं विणलेले लोकरी मोजे. शेजारून नंदिनी, कानावरून शाल घट्ट गुंडाळून, त्याच्या पावलाला पाऊल लावत. "कालच लग्न झाल्यागत हिंडत्यात दोघं," असं शेजारची अंबूबाई नळावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणे. अंबूबाईला काय ठाऊक? ही जोडी हवा खायला जात नव्हती. रंग आणायला जात होती.

आता सांगूनच टाकतो. तारळेकर पेंटरला तांबडं आणि हिरवं सारखंच दिसायचं. पिवळं, निळं, पांढरं, काळं यांत त्याची कधी चूक होत नसे. तिथं त्याची नजर भल्याभल्यांपेक्षा तिखट. पण पिकलेली मिरची आणि कच्ची मिरची त्याच्यापुढं ठेवा, तो चव घेतल्याशिवाय सांगू शकायचा नाही. हात मात्र असा की झाड काढलं तर त्याखाली सतरंजी टाकून बसावंसं वाटे. देवानं एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं, असा हा मामला होता.

हे पहिल्यांदा ओळखलं नंदिनीनं. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात तिनं हिरव्या बांगड्या आणायला सांगितल्या, तर हे महाशय मोठ्या ऐटीत चांगल्या डझनभर तांबड्या घेऊन आले. तिनं त्या गुमान हातात भरल्या. दुसऱ्या दिवशी तिनं विड्याचं ताजं पान आणि बदामाचं लाल झालेलं पान त्याच्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "यातलं हिरवं कुठलं?" नृसिंहाला घाम फुटला. जे त्यानं आईबापापासून लपवलं होतं, ते या सतरा वर्षांच्या पोरीनं दोन पानांत उघडं पाडलं. त्याला वाटलं, आता ही माहेरी जाऊन सांगणार आणि आपली शहरभर नाचक्की होणार. ती म्हणाली, "कुणाला कळता कामा नये. आणि घाबरताय काय असे? मी आहे की."

त्या 'मी आहे की'वर तारळेकरांचा कारखाना सत्तावीस वर्षं चालला.

कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची लांबलचक शेड. जमिनीवर तीस-तीस फुटी मांजरपाटाचं कापड अंथरलेलं, भिंतीला फळीवर रंगांचे डबे, आणि प्रत्येक डब्यावर नंदिनीच्या अक्षरातली चिठ्ठी. पण नुसत्या चिठ्ठ्यांनी भागत नाही. डब्यातला रंग कधी तसाच पडद्यावर जात नाही. चार रंग मिसळून एक छटा होते, आणि ओला असताना गडद दिसणारा रंग वाळला की फिका पडतो. म्हणून नंदिनी वाडग्यात रंग कालवी, चिंधीवर बोट ओढी, चिंधी शेगडीवर धरून वाळवी आणि मग म्हणे, "हं, हा शेवाळाचा. घ्या." बाहेरच्या माणसाला वाटे, बाई नवऱ्याच्या हाताखाली राबते. कोण कुणाच्या हाताखाली होतं, ते त्या दोघांनाच माहीत. शिकायला आलेल्या प्रत्येकाला नृसिंहानं दारातून परत पाठवलं. "तारळेकर विद्या चोरून ठेवतो," असं लोक म्हणत. म्हणू देत. तेवढं बरं होतं.

आणि सकाळी कळंबा. धुक्यात जवळच्या तुरुंगाच्या घड्याळाचे टोल ऐकू येत, गुऱ्हाळांचा गोड धूर रस्त्यावर उतरलेला असे. तळ्याच्या काठाशी उभी राहून नंदिनी सांगे आणि नृसिंह वहीत पेन्सिलीनं पक्षी काढून त्याच्या अंगावर तिचे शब्द लिहून घेई. "चक्रवाक. भगव्यात थोडा गेरू. डोकं फिकं, सायीसारखं. तो बघा वेडा राघू, कोवळ्या उसाच्या पात्याचा हिरवा." अशा सत्तावीस हिवाळ्यांच्या वह्या शेडमधल्या ट्रंकेत होत्या. त्यातलं एक पान जरी कुणी वाचलं असतं, तरी पेंटरचं पितळ उघडं पडलं असतं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या डिसेंबरात कुरुंदवाडचा बापूसो मगदूम शेडच्या दारात येऊन उभा राहिला. जैन शेतकरी, पाच फूट उंची आणि पंचवीस माणसांचा आवाज. गुळाच्या सौद्याला दर आठवड्याला कोल्हापुरात येई.

"पेंटर, माघात आमच्याकडं पंचकल्याणक पूजा हाय. मोठ्ठा पडदा पायजे. समवसरणाचा. भगवंताची सभा भरलीया, समदी जनावरं वैर इसरून बसल्यात, गाय आन् वाघीण एकाच भांड्यात पाणी पित्यात. वर चारी बाजूला आपलं झेंडं. पाच पट्ट्यांचं. वर तांबडा, मग पिवळा, पांढरा, हिरवा आन् खाली निळा. त्यात चूक चालायची न्हाई बघा."

"होणार नाही," नृसिंह म्हणाला.

"आन् आणखी एक. सरस न्हाई चालायचा. जनावराच्या कातड्याचा, हाडाचा असतोय त्यो. देवाच्या पडद्याला कसा लावायचा? बाभळीचा डिंक वापरा."

अट रास्त होती. नृसिंहानं मान डोलावली. नंदिनी मात्र हातातला वाडगा खाली ठेवून गप्प उभी राहिली. ती का गप्प झाली, हे त्याला त्या वेळी कळलं नाही. कळायला लागलं ते नवव्या दिवशी.

त्या दिवशी तो झेंड्यांवर आला होता. तांबडी पट्टी झाली, पिवळी झाली. हात मागे करून तो म्हणाला, "पांढरा दे." नंदिनीनं बोटांत थोडा रंग चोळून बघितला, जरा घुटमळली आणि वाडगा त्याच्या हातात दिला. "घ्या पांढरा."

वाडग्यात पिवडी होती. फिकी, पाणी जास्त झालेली, पण पिवळी ती पिवळी. हे रंग त्याचे होते. यात त्याला कुणी फसवू शकत नव्हतं.

"पांढरा ना?" त्यानं विचारलं.

"मग? दिसत नाही का?" असं म्हणून ती हसली.

त्यानं कुंचला वाडग्यात बुडवल्यासारखं केलं, पाठ दुखतेय म्हणून काम थांबवलं आणि अंगणात जाऊन उन्हात बसला. हिला पांढरं-पिवळं कळत नाही. मग वरची तांबडी पट्टी? ती खरंच तांबडी आहे का? त्यानं उठून दारातून पडद्याकडे पाहिलं. पट्टी होती तशीच होती. ती त्याला काही सांगत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तळ्यावर त्यानं एक वाईट गोष्ट केली. पुढं कित्येक वर्षं त्याला तिची लाज वाटत राहिली. पाण्यात कोळ्यांनी जाळं बांधायला ठोकलेला एक खुंट होता. रिकामा. नृसिंहानं तिकडं बोट दाखवलं. "नंदिनी, तो बघ. खंड्या बसलाय. सांग."

नंदिनीनं मान त्या दिशेला वळवली, शाल कपाळावर ओढली, डोळे बारीक केले. "हो की. पाठ निळी, मोराच्या गळ्यासारखी. डोकं विटकरी. छाती पांढरी. आणि चोच तांबडीलाल." शब्द बिनचूक होते. सत्तावीस वर्षं पाठ झालेले. नृसिंहानं ते वहीत लिहून घेतले. रिकाम्या खुंटाचा रंग त्यानं लिहून घेतला.

परतीच्या वाटेवर त्याला कोडोलीचा पडदा आठवला. दोन वर्षांपूर्वी तिथल्या शाळेच्या स्टेजसाठी त्यानं आमराई रंगवली होती. गणपतराव हेडमास्तर पडद्याकडे बघून म्हणाले होते, "पेंटर, तुमची झाडं लाजली काय हो?" नृसिंहाला ती शाबासकी वाटली होती. घरी येऊन त्यानं ती नंदिनीला मोठ्या कौतुकानं सांगितलीसुद्धा होती, आणि ती जेवता जेवता उठून गेली होती. आता त्याचा अर्थ कळून त्याचे कान तापले. दोन वर्षं! दोन वर्षांत सात पडदे गावोगाव गेले होते. कुठल्या गावात तांबडी जंगलं उभी आहेत आणि कुठल्या स्टेजवर हिरवं कुंकू लावलेली नवरी, देव जाणे. आणि लोक तोंडावर काही बोलत नव्हते. पाठीमागे काय बोलत असतील?

घरी येताच त्यानं चुलीपाशी बसलेल्या नंदिनीला विचारलं. सरळच विचारलं, आडवळणानं बोलायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

"खुंटावर खंड्या नव्हता गं."

तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "मला वाटलंच," म्हणाली. "तुमचा आवाज वेगळा लागला."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. आधी धुकंच वाटायचं. म्हटलं, थंडी आहे. मग उन्हाळ्यातही धुकं जाईना." तिनं हात पुसले. "सरसात भागायचं हो. गेरू बोटाला मऊ लागतो, हिरव्याला कच लागते, खडू चिकटतो. चुकायचं कधी कधी, पण भागायचं. या डिंकात सगळेच सारखे लागतात."

"मला सांगायचंस तरी!"

"तुम्ही कुणाला सांगितलंत?" ती एकदम ताडकन म्हणाली. मग आवाज खाली आला. "मोतीबिंदू आहे. मी एकटी जाऊन दाखवून आले. ऑपरेशन म्हणजे आठ दिवस डोळे बांधून पडायचं, पुढं महिनाभर काही करायचं नाही. पडदे कोण करणार? आणि ऑपरेशन करून धोंडुबाई आत्याचं काय झालं ते बघितलंय मी. होता नव्हता तेवढा उजेडही गेला तिचा. माझाही गेला, तर दोघांनी काय करायचं?"

नृसिंह घाबरला होता, आणि कशासाठी जास्त घाबरला होता हे त्याचं त्यालाच उमगेना. तिच्या डोळ्यांसाठी, की आपल्या नावासाठी? हा प्रश्न मनात आल्याबद्दल त्याला स्वतःचा संताप आला. त्यानं तिरीमिरीत ट्रंकेतून तिची दोन लुगडी काढली, पिशवीत कोंबली आणि म्हणाला, "चल. आत्ताच्या आत्ता." दोन्ही लुगडी तिनं चाचपून पाहिली. "यातलं एक फाटकं आहे," ती म्हणाली, आणि पिशवी स्वतः भरायला बसली.

इस्पितळात आधी उजवा डोळा करायचं ठरलं. ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आल्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. "झालंय व्यवस्थित," डॉक्टर म्हणाले, "पण खरं काय ते पट्टी सुटल्यावर." या 'पण'नं नृसिंहाची झोप उडवली.

त्या आठ दिवसांत तो पहाटे एकटाच कळंब्याला जाई, तिथून परस्पर इस्पितळात. घरातून निघताना अंधारात हाताला येतील ते कपडे अंगात घाली. ते काढून ठेवणारी कॉटवर होती. दारात बूट काढून तो तिच्या उशाशी स्टुलावर बसे आणि काय दिसलं ते सांगे. आजवर तिनं सांगायचं आणि त्यानं लिहायचं. आता उलटी गंगा.

"एक पक्षी होता काठाला. लांब पाय. डोळ्यापुढं लोंबतं कातडं."

"टिटवी. ते कातडं तांबडं असतं."

"असेल. मला काळपट दिसलं."

"पाय पिवळे?"

"पिवळे! ते मात्र पिवळेजर्द."

"मग बरोबर," पट्टीखालून ती म्हणे, आणि तिच्या ओठाशी हसू येई. नृसिंह ते हसू बघून बाहेर व्हरांड्यात जाई आणि डोळे पुसून परत येई.

दुपारी तो शेडमध्ये बसे. आकाश त्यानं पुरं केलं, निळं-पिवळं. पाणी केलं, गायीचं पांढरं वासरू केलं. वाघीण कोरी, मोर कोरे, झाडं कोरी. पडद्यावर जिथं तांबडं-हिरवं हवं होतं तिथं नुसता मांजरपाट. माघ पंधरा दिवसांवर आला होता. बापूसो सौद्याच्या दिवशी येणार, पडदा बघणार, आणि मग काय सांगायचं? डिंक सुटत नाही? गारठा फार आहे? दहा सबबी त्यानं तयार केल्या आणि दहाही स्वतःशीच मोडून टाकल्या. एकदा तर त्यानं हिरवा म्हणून चिठ्ठी लावलेला डबा उघडला, झाडावर कुंचला टेकवला आणि तसाच उचलला. डब्यावरची चिठ्ठी कधीची होती? दोन वर्षांच्या अलीकडची की पलीकडची?

आठव्या दिवशी पट्टी सुटायची होती. नृसिंह पहाटे चारला उठला, तळ्यावर गेला. काय बघितलं ते त्याला आठवेना. वॉर्डात पोचला तर नंदिनीच्या कॉटपाशी बापूसो मगदूम उभा. हातात जवारी केळ्यांचा घड.

"शेडीला कुलूप. शेजारणीनं सांगिटलं इस्पितळात हाय म्हणून," बापूसो म्हणाला. अख्खा वॉर्ड जागा झाला. "मला कळवायचं न्हाई व्हय, पेंटर? पडदा काय पळून जातोय?"

नृसिंहाला धड हसता येईना. पडदा कुठवर आलाय, हा प्रश्न आता येणार म्हणून तो अंग चोरून उभा राहिला. तेवढ्यात डॉक्टर आले, मागून सिस्टर. वाळूच्या पिशव्या काढल्या, नंदिनीला हळूच बसतं केलं. पट्टीचे वेढे सुटू लागले. नृसिंहानं कॉटची लोखंडी दांडी धरून ठेवली. 'होता नव्हता तेवढा उजेडही गेला तिचा,' एवढं एकच वाक्य त्याच्या डोक्यात फिरत होतं. देवा, पडदा जाऊ दे, नाव जाऊ दे, शेड विकायला लाव. हिला दिसू दे.

सिस्टरनं जाड भिंगाचा चष्मा तिच्या डोळ्यांपुढं धरला. नंदिनीनं पापणी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. डोळ्यात पाणी आलं. मान वर करायची सक्त मनाई होती, म्हणून ती खालीच बघत राहिली, फरशीकडे.

"काय दिसतंय बाई?" डॉक्टरांनी विचारलं.

वॉर्डातल्या बायका आपापल्या कॉटवरून माना उंचावून बघत होत्या.

"अहो!" नंदिनी एकदम ओरडली. "हे काय घालून आलात? एक मोजा तांबडा आणि एक हिरवा!"

वॉर्डात हशा पिकला. डॉक्टर हसले, सिस्टर हसली. बापूसो हसणार होता, पण त्याची नजर आधी मोज्यांवर गेली आणि मग नृसिंहाच्या चेहऱ्यावर, आणि तो हसायचा थांबला. नंदिनीनं तोंडावर हात ठेवला. आपण काय बोललो, आणि कुणासमोर, हे तिला आता कळलं होतं. सत्तावीस वर्षं सांभाळलेलं गुपित तिनं भर वॉर्डात ओतून दिलं होतं.

नृसिंहाला सावरून घेता आलं असतं. "अंधारात घातले," एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते खरंही होतं. पण त्याला इतका आनंद झाला होता की काही लपवायला जागाच उरली नव्हती. रडत रडत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं विचारलं, "तांबडा कुठल्या पायातला गं?"

बापूसोनं केळ्यांचा घड कॉटवर ठेवला, धोतर सावरलं आणि तो फरशीवर उकिडवा बसला. आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, तो हळू आवाजात बोलला.

"डाव्या पायातला, पेंटर. ह्यो बघा." त्यानं मोज्यावर बोट टेकवलं. "वैनींनी काय उठायचं न्हाई आता. उद्यापासनं रंग मी दाखवतो. मी हाय की."

नृसिंहानं मान हलवली आणि डोळे पुसून आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं, मग उजव्या. दोन्ही मोजे त्याला अजून सारखेच दिसत होते.